अनुभव धागा: स्वतःशी मायेनं बोलायला कसे शिकलात?

दिवा मालवला की माझ्या मनात दिवसभराची झडती सुरू होते. हे का बोललीस, ते का राहिलं, उद्या कसं होणार? मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं वागणं, असं सगळ्यांनाच होतं ही जाण आणि विचार न दाबता, न फुगवता पाहणं. तिसरं मला थोडंफार जमतं, पहिल्यापाशी अडते. नागपूरकरांनो, तुम्हाला कसं जमलं? सविस्तर लिहा.

महाल, शिक्षिका
पालकसभेच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. समुपदेशक ताईंनी सुचवलं, "तुला चारचौघांत बोलताच येत नाही" हे मनातलं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहा. खाली, नववीतली पोरगी हेच म्हणाली असती तर तिला काय सांगितलं असतं ते लिहा. आधी मी सुविचारासारखं लिहायची, ते मनाला भिडेचना. मग एकदा घरच्या बोलीत उतरलं: "काहून जीव जाळून राहिली वं? अडलं तं अडलं, पुन्हा सांगजो." वाचता वाचता आखडलेले खांदे सैल झाले. धडधड आजही होते, पण ती झाली म्हणून वर स्वतःला शिव्या देत नाही. माझ्या मते खरा आराम तिथेच आहे.

इंदोरा
आमच्या घरी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं बौद्ध ध्यान, लहानपणापासून आहे. तिची सुरुवात स्वतःपासून होते, पण "मी सुखी होवो" म्हणताना मला कोरडं वाटायचं; आईचं नाव घेतलं की मन भरून यायचं. म्हणून मी आईपासून सुरू करतो आणि तो ओलावा असतानाच स्वतःकडे वळतो. बसायला वेळ नसेल त्या दिवशी कामठी रोडच्या सिग्नलवर उभ्या उभ्या.

सीएचा विद्यार्थी
स्वतःचे लाड केले तर अभ्यास सुटेल, ही भीती होती. झालं उलटंच. पेपर बिघडला की पुस्तक मिटून दिवस दिवस बसायचो, आता दुसऱ्या दिवशी उघडतो.

मनीषनगर
एक कळकळीची विनंती. धडधड, घाम, झोप उडणं थायरॉइडमुळेही होतं. माझं तसंच निघालं. तपासणी करून घ्या. आणि जगणंच नको वाटत असेल तर वहीवर भागवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.