मदत हवी आहे: मराठी रॉक गाण्याचं पहिलं मिक्स, गिटार जाड ठेवली की शब्द बुडतात

नमस्कार मंडळी,

कोपरखैरण्यात राहतो, गिटार वाजवतो. आम्ही तिघांनी एक मराठी रॉक गाणं रेकॉर्ड केलंय आणि त्याचं मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं) मी घरीच करतोय. मिक्सिंगमध्ये अगदी नवखा आहे. दुवा पहिल्या प्रतिसादात देतोय. शक्यतो हेडफोनवर ऐका आणि खटकेल ते स्पष्ट सांगा. "छान झालंय" यापेक्षा "अमुक सेकंदाला तमुक ऐकू येत नाही" असं कळलं तर जास्त उपयोग होईल.

ड्रम वाशीतल्या एका जॅमरूममध्ये चार माइकवर घेतले: किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (समोरचा कडकडीत ड्रम) एक, वर टांगलेले दोन ओव्हरहेड. बेस थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (वाद्य कॉम्प्युटरला जोडणारी पेटी). गिटारही थेट, अँप सिम (अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावून. एकच भाग दोनदा वाजवलाय, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. गाणाऱ्याचा आवाज घरीच घेतला, उघड्या कपाटातल्या कपड्यांकडे तोंड करून. सॉफ्टवेअर रीपर. स्पीकर पाच इंची आहेत, पण सिडकोचं रो-हाऊस, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे रात्री हळूच लावावे लागतात. खोली दहा बाय दहा फूट. पलंगामुळे टेबल पुढे ओढून जवळजवळ खोलीच्या मध्यावर बसतो.

आता अडचण. कडव्यात सगळं ठीक आहे. ध्रुवपदात दोन्ही गिटार आल्या की आवाज गायब. आईला ऐकवलं तर तिने दोनदा विचारलं, "काय म्हणतोय तो?" आवाज ३ डीबीने (डेसिबलने) वर नेला की शब्द कळतात, पण गिटार लांब कुठेतरी वाजल्यासारखी वाटते आणि गाण्यातला जोर जातो. आपल्याकडे भावगीत घ्या, नाट्यगीत घ्या, आवाज सगळ्यांच्या पुढे असतो आणि कानाला तीच सवय आहे. रॉकमध्ये गाणारा बँडच्या आत उभा असतो. मला दोन्ही हवंय, कारण शब्द महत्त्वाचे आहेत. गाणं आमच्या बेसिस्टने लिहिलंय. तो घणसोली गावठाणातला. १९७० पासून नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांतलं त्याचं गाव. ध्रुवपदात तो आजोबांच्या शेताबद्दल बोलतो, नेमकं तेच ऐकू येत नाही.

शिवाय पाम बीच रोडवर मित्राच्या गाडीत ऐकलं तर बेस नुसता घुमतो, दाराचं प्लास्टिक थरथरतं. घरी तोच बेस कमी वाटतो. आणि स्नेअर पातळ लागतो, काठी पडल्याचा फटका जाणवतच नाही.

टणत्कार:

दोनदा ऐकलं. गाणं चांगलं आहे, नेटाने पूर्ण करा.

आवाज वर नेऊन हे सुटणार नाही, गिटारमध्ये जागा करावी लागेल. पहिली गोष्ट म्हणजे गेन, अँपमध्ये सिग्नल किती जोरात ढकलायचा ते. अँप सिमवर गेन बराच जास्त आहे. डिस्टॉर्शन वाढलं की तार छेडल्याचा ठोका चेपला जातो आणि उरते एक सलग घरघर, ती वरपासून खालपर्यंत सगळी जागा व्यापते. दोन टेक दोन बाजूंना असताना कमी गेनवर गिटार उलट मोठी वाटते. थेट सिग्नल जपून ठेवला असेल तर पुन्हा वाजवायची गरज नाही, सिमवर गेन एक तृतीयांश कमी करून बघा.

मग इक्यू, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणं. दोन्ही गिटारना ९० ते १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याच्या खालचं कापतो), वर ८ ते ९ किलोहर्ट्झला लो-पास (त्याच्या वरचं कापतो). व्यंजनं स्पष्ट होतात ती साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि गिटारची धारही तिथेच असते. तिथे गिटारमधून दोनेक डीबी काढा, रुंद वळणाने. एकटी गिटार लावून हे ठरवू नका, एकटी ती वाईटच वाटेल.

तरी पुरलं नाही तर आवाजाच्या ट्रॅकवरून गिटार बसच्या (दोन्ही गिटार एकत्र जातात तो ट्रॅक) ३/४ चॅनेलला सेंड द्या, त्या बसवर रीकॉम्प (रीपरमधला कॉम्प्रेसर, आवाज वाढला की तो आपोआप दाबणारा) लावून डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी ठेवा. गाणारा तोंड उघडेल तेव्हाच गिटार दीड-दोन डीबी खाली जाईल. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

आवाजाचं म्हणाल तर १:१२ ला ओळीचा शेवट पडतो. आपण बोलतानाही वाक्याच्या शेवटी आवाज सोडतो, गातानाही तेच होतं. कॉम्प्रेसर तिथे पुरत नाही, फेडर ऑटोमेशनने (ट्रॅकची पातळी जागोजागी बदलून ती नोंदवणं) शब्द न् शब्द हाताने उचलावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण शब्द त्यानेच उभे राहतात. 'स', 'श' टोचतात त्यांना ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (फक्त हे टोचणारे आवाज दाबणारा) लावा. आणि पुढच्या वेळी जाड गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. कार्डिऑइड माइकला मागचं कमी ऐकू येतं, समोरचं जास्त, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची उघडी भिंत तो ऐकतो.

खालचा सा:

मी नेरुळचा, बेस वाजवतो, म्हणून बेसपुरतंच लिहितो.

गाडीत घुमण्याचं मूळ तुमच्या खोलीत आहे. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत अर्धी लाट बसते ती साधारण ५६ हर्ट्झची. खोली चौरस असल्यामुळे दोन्ही दिशांना तीच वारंवारता. या लाटेचा दाब भिंतींपाशी सर्वात जास्त आणि बरोबर मध्यावर सर्वात कमी, आणि तुम्ही मध्यावर बसता. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झ. तुमचं गाणं ए मायनरमध्ये, म्हणजे ज्या सुरावर सगळं येऊन टेकतं तोच तुम्हाला खुर्चीत ऐकू येत नाही.

पडताळून बघा. फक्त बेस लावा आणि उठून खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा.

त्यात आवाज हळू. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं होतं की आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा खूपच कमी ऐकू येतात. म्हणून हळू ऐकत मिक्स करणारा माणूस बेस वाढवत जातो.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणा, स्पीकर त्या भिंतीजवळ न्या. पलंग हलवावा लागला तरी हलवा. बेसचा निर्णय हेडफोनवर घ्या आणि आवडतं एखादं रॉक गाणं त्याच प्रोजेक्टमध्ये ठेवून दोन्हींचा आवाज समान करून आलटून पालटून ऐका. आवाज समान केला नाही तर मोठं वाजणारं गाणं नेहमीच चांगलं वाटतं.

ठाणेकर ढोल:

स्नेअरच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून बघा. ओव्हरहेड स्नेअरपासून मीटरभर वर असतील तर तिथे आवाज सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही ट्रॅक एकमेकांना खाऊन टाकू शकतात. ज्या स्थितीत स्नेअर भरीव लागेल ती ठेवा. कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) ४:१. अटॅक फार जलद असेल तर फटका तिथेच दाबला जातो.

मास्टरवरचा (सगळं मिक्स जातं तो शेवटचा ट्रॅक) लिमिटरही काढा, तो शिखरं दाबून गाणं मोठं करतो. स्पॉटिफाय साधारणपणे सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या (LUFS, गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणून वाजवतं, इतकं दाबून हाती काही लागत नाही. मिक्सचं शिखर उणे ६ डीबीच्या जवळ राहू द्या.

आणि माझं वैयक्तिक मत: ध्रुवपदात आवाज एक डीबी पुढेच असू दे. गाणं गावकीबद्दल आहे, शब्द गेले तर काय उरलं?

टणत्कार:

एक डीबीला माझी हरकत नाही, पण गिटारमध्ये जागा केल्यावर. आधी नाही.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं बारकाईने कोणी ऐकेल असं वाटलं नव्हतं.

कोपऱ्याचा प्रयोग लगेच केला. मध्यावर जो सूर जवळजवळ नव्हता तो कोपऱ्यात छातीवर आला. धाकट्या भावाला उभं केलं, त्यालाही तसंच जाणवलं. पलंग आता खिडकीखाली गेलाय. नव्या जागेवरून बेस ४ डीबीने खाली आणला आणि हेडफोनवरही तो आता बरोबर वाटतोय.

स्नेअर उलटवला आणि खरंच अंग आलं त्याला. गिटारचा गेन कमी केला, २.८ किलोहर्ट्झला २ डीबी काढले. आईने ध्रुवपदातली पहिली ओळ म्हणून दाखवली. दुसरी ओळ अजून अर्धवट कळते, तिथे फेडर हाताने फिरवतोय.

एक विचारायचं राहिलं. मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) ऐकलं की क्रॅश झांजेची धार जाते, दोन्ही ओव्हरहेड एकत्र आले की झांज मळकट वाटते. स्टिरिओत ठीक आहे. याचंही कारण अंतर असेल का?

ठाणेकर ढोल:

बहुतेक तेच. क्रॅशपासून दोन ओव्हरहेड वेगवेगळ्या अंतरावर असणार. रेकॉर्ड झाल्यावर पूर्ण दुरुस्त होत नाही, पण ओव्हरहेड डाव्या-उजव्या टोकांवरून थोडे आत पॅन करा, साधारण ७० टक्क्यांवर, आणि ज्या बाजूला क्रॅश जास्त स्वच्छ आहे ती बाजू एक डीबी वर ठेवा. पुढच्या वेळी दोरी घेऊन स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही माइकचं अंतर सारखं करा, निदान स्नेअर तरी मोनोत टिकेल. नवीन मिक्स टाकलंत की परत ऐकतो.