पायातली गाळणी : क्रॉक्सविषयी आपले अनुभव

२००९ साली मावसभावाने अमेरिकेहून आणलेले निळे क्रॉक्स (वर भोके असलेले फोमचे पादत्राण) घालून मी पुण्यातल्या महाविद्यालयात गेलो, तेव्हा ‘चहा गाळायचा राहिला का रे?’ असे विचारून मित्रांनी मला इतके छळले की दुसऱ्या दिवसापासून ती जोडी न्हाणीघराच्या दारापुढे गेली नाही. कोलोरॅडोतल्या कंपनीने २००२ मध्ये नौकाविहारासाठी आणलेल्या या पादत्राणाला ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने २०१० मध्ये ५० सर्वांत वाईट शोधांच्या यादीत बसवले आणि माझ्या फजितीवर शिक्कामोर्तब झाले. आज पुतणी तेच हट्टाने मागते आहे. आपली चेष्टा कोणी केली आणि पुढे त्यांनीच ते घेतले का, हे कृपया सविस्तर लिहावे.

नाशिकहून :
मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे, त्यामुळे हे पादत्राण माझ्यासाठी कधी फॅशन नव्हते आणि म्हणूनच ते कधी जुनेही झाले नाही. त्याचा फोम पाणी शोषत नाही, डाग पुसून निघतो, आणि दहा तास उभे राहूनही टाचा ठणकत नाहीत. आम्ही मात्र वर भोके नसलेलाच प्रकार वापरतो, कारण सुई किंवा रक्त थेट पायावर पडून चालत नाही. ही बारीक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ज्या जाऊबाईंनी लग्नघरात ‘या काय संडासातल्या चपला?’ असे चारचौघांत विचारले होते, त्यांनी टाळेबंदीत घरात वापरण्यासाठी माझ्याकडूनच जोडी मागवून घेतली.

न्यू जर्सीहून :
लेकीच्या वर्गात चपलेपेक्षा तिच्यावरच्या १३ भोकांत काय खोचले आहे, यालाच मोल आहे. जिबिट्स नावाची ही बटणे बनवणारा छोटा घरगुती उद्योग क्रॉक्सने २००६ मध्ये विकत घेतला. आमच्या डाव्या पायावर सध्या पिझ्झा आहे. गणपतीचे बटणही मिळाले होते, पण पायात देव नको म्हणून आजीने ते काढून दप्तराला लावले.

रत्नागिरीहून :
बालेंसियागा या महागड्या फॅशन कंपनीने २०१७ मध्ये पॅरिसच्या फॅशन मंचावर उंच तळव्यांचे क्रॉक्स आणल्यापासून कुरूपपणाचीच ऐट झाली, हे मान्य. तरीही मला ते कुरूपच दिसतात. लाल चिखलातून आम्ही वर्षानुवर्षे जाळीच्या प्लॅस्टिकच्या पावसाळी चपला घालून हिंडलो, त्यांना कोणी मंचावर नेले नाही. एक सूचना मात्र करतो : फोमची कोणतीही चप्पल उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. एप्रिलमध्ये मी ती चूक केली आणि माझी नऊ नंबरची जोडी आता चिरंजीवांना बरोबर बसते.