उसाच्या फडात जाणाऱ्या ट्रकला मागे लग टायरच हवेत का?

वाहतूकदार:
गळीत हंगाम तोंडावर आला की अनेक ट्रकमालक डांबरी रस्त्याचा हिशेब करतात आणि सहाही चाकांना रिब टायर चढवून मोकळे होतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या काळ्या रानात शिरणाऱ्या ट्रकला पुढे रिब चालतील, पण मागे खोल लग नक्षीच हवी. रिबच्या खाचा टायरच्या घेराबरोबर फिरत असल्यामुळे गाडी सरळ धावते. मात्र मातीला मागे रेटणारी आडवी धार त्यांना नसते. लगला ती असते, शिवाय कडेला उघडणाऱ्या रुंद खाचांतून चिखल बाहेर पडतो. रस्त्यावर आवाज वाढतो आणि डिझेलही थोडे जास्त लागते, हे मान्य आहे. तरीही परतीच्या पावसात गाडी एकदा रुतली की ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि त्याचे पैसे बहुधा शेतकऱ्याच्याच माथी बसतात.

काळीचारान:
मुरमाड किंवा तांबड्या जमिनीबद्दल आपले म्हणणे पटते, काळ्या जमिनीबद्दल नाही. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि रबराला असे चिकटते की, चाकाच्या थोड्याच फेऱ्यांत लगच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. त्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून चाक जोरात फिरवले, तर ते पुढे जाण्याऐवजी स्वतःचाच खड्डा खणते. मागच्या जोडचाकांच्या मध्ये चिखल ठासून बसतो, तो वेगळाच. खरा प्रश्न हवेचा आहे. ट्रकच्या टायरात शंभर पौंडांच्या वर हवा असते, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण पंधरा-वीस पौंड. जमिनीवरचा दाब जवळपास त्याच प्रमाणात पडतो. नक्षी कोणतीही घ्या, इतक्या कडक टायरावर भरलेली गाडी ओल्या रानात बसणारच.

वाहतूकदार:
मग हवा सोडायची आणि भरल्या गाडीने तशीच हमरस्त्याला लागायचे का? कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि शेवटी फुटते. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या उभयचर वाहनात चालकाला बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करता येत असे. आपल्या ट्रकला ती सोय नाही. कारखान्याच्या रांगेत नंबर लागायचा असताना बांधावर थांबून सहा टायर भरायला कोणाला वेळ आहे?

खोडवा:
आपण दोघेही गाडीचाच विचार करत आहात. तोडणी झाल्यावर मला त्याच रानात खोडवा, म्हणजे बुडख्यांना फुटणारे पुढचे पीक, ठेवायचा असतो. लग टायर जागच्या जागी फिरला की सरीतली बुडखी उपटून निघतात आणि चाकोरीखालची जमीन अशी दाबली जाते की तिथला फुटवा शेवटपर्यंत मागे राहतो. चार टायरांच्या मागच्या ॲक्सलची वजनमर्यादा 2018 साली 10.2 टनांवरून 11.5 टन झाली, आणि प्रत्यक्ष भरणी त्याहून किती होते, हे काट्यावर उभ्या असणाऱ्याला सांगायला नको. वाफसा, म्हणजे रानात काम करण्याजोगी बेताची ओल, नसेल तर ट्रक पाणंदीवरच उभा राहिला पाहिजे, टायर कोणतेही असोत.

मुकादम:
ट्रक पाणंदीवर थांबला तर मोळी डोक्यावर घेऊन चिखलातून तेवढे जास्त अंतर चालायचे आणि मग फळीवरून वर चढायचे, हे काम तोडणीच्या टोळीचे. त्या वाढीव चालीचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवा. मग ट्रक बाहेर ठेवायला आमची हरकत नाही.

स्टिअरिंग:
दोन गोष्टी राहून गेल्या. डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारी सोय) नसलेल्या गाडीचे एका बाजूचे चाक घसरू लागले की सगळी ताकद तिकडेच वाया जाते आणि दुसऱ्या बाजूचे चाक कोरड्यावर असूनही स्वस्थ उभे राहते. अशा वेळी लगपेक्षा चाकाखाली दाबून घातलेले पाचट (उसाची वाळलेली पाने) जास्त कामाला येते. दुसरे असे की, रिकामी गाडी मागे घेत रानात घालावी, म्हणजे भरल्यावर वळवावी लागत नाही. बहुतेक गाड्या वळतानाच बसतात.

वाहतूकदार:
पाचटाचे आणि गाडी मागे घेण्याचे पटले. खोडव्याची तक्रारही खरी आहे, पण वाफशाची वाट पाहत तोडलेला ऊस रानात पडून राहिला तर त्याचे वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात, म्हणून गाडी आत न्यावी लागणारे दिवस येणारच. नव्या लग टायरांचा खर्च जड वाटत असेल, तर जुन्या टायरच्या चांगल्या केसिंगवर (सांगाड्यावर) लग नक्षीचा रिसोल करून, म्हणजे नवा थर चढवून, तो हंगामापुरता मागे चढवता येईल. मात्र एका जोडीत एक लग आणि एक रिब असे बसवू नये. घेरात फरक पडला की एक टायर फरफटत जातो आणि दोन्ही लवकर संपतात.