पोलिसाच्या पिस्तुलाचा चाप जड हवा की हलका?

खाकीतला_तात्या:
साध्या पोलिसाच्या कमरेला ग्लॉकसारखं पिस्तूल नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगठ्याची सेफ्टी नाही, बाहेर हॅमर, म्हणजे ठोका देणारा मागचा घोडा, नाही आणि चाप जेमतेम अडीच किलोचा, म्हणजे तेवढ्या जोराने ओढला की गोळी सुटते. कमांडोंना जरूर द्या, ते कायम सरावात असतात. पण ज्याला वर्षाकाठी एखाद वेळी सरावाची रेंज दिसते, त्याला बेरेटा 92 सारखं डबल-सिंगल अ‍ॅक्शन पिस्तूल हवं. पहिल्या गोळीला चाप लांबवर आणि साधारण दुप्पट जोर लावून ओढावा लागतो. माणूस घाबरला की बोट नको तेव्हा चापावर जातंच. निदान तेवढ्यात भानावर यायला सवड मिळते. काम झालं की डिकॉकर, म्हणजे चढलेला हॅमर गोळी न उडवता उतरवणारा खटका, दाबायचा, हॅमर बिनधोक खाली.

शिवाय पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये घालताना अंगठा हॅमरवर ठेवता येतो. जॅकेटची नाडी चापात अडकली असेल तर हॅमर अंगठ्याखाली उचलला जातो आणि हात तिथेच थांबतो. ग्लॉकमध्ये अडकल्याचं कळतं ते थेट मांडीत गोळी गेल्यावर.

रेंजवरची:
तात्या, साफ असहमत. तुम्ही फक्त पोलिसाच्या मांडीचा विचार करताय, समोरच्या गर्दीचं काय? न्यूयॉर्क पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घेतली तेव्हा हाच विचार केला आणि मुद्दाम 12 पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा चाप बसवून घेतला. 24 ऑगस्ट 2012 ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका हल्लेखोरावर 16 गोळ्या झाडल्या. तो मेला, पण गोळ्या आणि त्यांचे तुकडे लागून रस्त्यावरची नऊ माणसं जखमी झाली. सगळा दोष चापाचा नव्हे, मान्य. पण किलोभराच्या पिस्तुलावर साडेपाच किलो ओढायचं म्हणजे नळी हलणारच. शेवटी 2021 मध्ये तिथे नव्या भरतीला हलका चाप द्यायचं ठरलं.

खाकीतला_तात्या:
ताई, दाखला चुकीच्या ठिकाणी लावलात. तिथे प्रत्येक गोळीला 12 पौंड होते. मी म्हणतोय ते पिस्तूल फक्त पहिल्या गोळीला जड, दुसरीपासून हलकं.

रेंजवरची:
तेच तर दुखणं आहे! एका पिस्तुलाला दोन चाप. पहिली गोळी ओढाताणीत खाली जाते, दुसरी मनात यायच्या आत सुटते. एक चाप शिकवायला तुमच्याकडे वेळ नाही, दोन कधी शिकवणार? आमच्या नेमबाजीतल्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात चापाचं किमान वजन 1000 ग्रॅम असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 चं आशियाई सुवर्ण त्याच प्रकारात मिळवलं. हलक्या चापाने माणसं मरत असती तर रेंजवर रोज पंचनामे झाले असते.

खाकीतला_तात्या:
रेंजवर हुकूम झाल्याशिवाय कोणी पिस्तूल भरतं का? आणि मागून कोणी धक्काही मारत नाही. मोर्चात उभ्या राहा एकदा.

बोरीबंदरकर:
तुमचं चालू द्या, पण आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं आहे ते इशापूरचं 9 मिमी. मूळ घाट ब्राउनिंग हाय-पॉवरचा, निव्वळ सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे हॅमर आधी चढवलेला नसेल तर चाप ओढून गोळी सुटत नाही. हॅमर चढवून, सेफ्टी लावून ते बाळगायची कोणाची छाती होत नाही, म्हणून चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामं ठेवतात. सुरक्षित खरंच. पण गोळी चढवायची तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायला दुसरा हात लागतो, आणि त्या हातात आरोपीची कॉलर असली तर?

जुना_शिकलगार:
सगळे चापावरच अडकलेत. 2024 च्या ऑक्टोबरात अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली. हातातून निसटून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. हत्यार पडल्यावर चाप किती किलोचा हे कोण विचारतो? तिथे आतली अडवणूक हवी, म्हणजे चाप पूर्ण ओढल्याशिवाय गोळीवर आपटणारी पिन पुढे जाताच कामा नये. ग्लॉकमध्ये ती आहे, बेरेटा 92 एफएसमध्येही आहे. उलट सिग पी 320 हे पिस्तूल ठराविक कोनात मागच्या बाजूवर आपटलं तर सुटतं, असं 2017 मध्ये निघालं आणि कंपनीला चापासकट आतले भाग बदलून द्यावे लागले. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराने त्याचीच आवृत्ती निवडली, पण अंगठ्याची सेफ्टी मागून घेतली. तेव्हा तात्या अगदीच चुकीचे नाहीत.

खाकीतला_तात्या:
देव पावला. आता ग्लॉक साफ करतानाचं बघा. स्लाइड उतरवायची तर आधी चाप दाबावाच लागतो. मॅगझिन काढलं, चेंबर बघायचं राहिलं, की भिंतीला भोक. बेरेटात बाजूचं बटण दाबून खटका फिरवला की स्लाइड पुढे सरकते, चापाला हात लावावा लागत नाही.

रेंजवरची:
हा मुद्दा दिला तुम्हाला. पण चेंबर न बघणाऱ्याच्या हाती बेरेटा तरी कशाला देताय? आधी सरावाला गोळ्या मागा.

खाकीतला_तात्या:
मागून बघतो. मिळाल्या तर तुमचं ग्लॉक मान्य. तोवर डिकॉकर.