कोस्टा रिकातले हमिंगबर्ड : आईच्या वहीत अकरा, गाईडच्या हिशोबात सहा. बरोबर कोण?

सदाफुली

मंडळी, फेब्रुवारीत आईला घेऊन कोस्टा रिकाला जाऊन आलो (मी डॅलसला असते, आई सहा महिन्यांसाठी आलीये). तीन दिवस सारापिकीला खालच्या दमट जंगलात आणि मग तीन दिवस वर मोंतेवर्देला, जिथे ढग अक्षरशः खिडकीतून आत येतात. दोन्हीकडे लॉजच्या व्हरांड्यात साखरपाण्याचे फीडर टांगलेले आणि त्यावर हमिंगबर्डची ही झुंबड! आई पहिल्या दिवशी म्हणाली डोळ्यासमोरून भुंगा गेला, दुसऱ्या दिवसापासून वही-पेन घेऊन सकाळी सहाला व्हरांड्यात हजर.

तर आईची यादी अशी, तिच्याच शब्दांत. मोंतेवर्दे: (१) हिरवा, गळा जांभळा (२) हिरवा, पोट विटकरी, डोळ्यामागे पांढरी रेघ (३) मोठा, सगळाच गडद जांभळा, शेपटीला पांढरे कोपरे (४) पांढऱ्या छातीवर हिरवे ठिपके, गालावर पांढरी रेघ (५) तसाच पण हनुवटी तांबूस (६) सगळा हिरवागार, गळ्यावर जांभळा टिळा. सारापिकी: (७) निळं डोकं, पांढरं पोट, पांढरी शेपटी, मानेवर पांढरा पट्टा (८) हिरवा, गळ्यावर खवले (९) मातकट तपकिरी, लांब वाकडी चोच, शेपटीतून दोन पांढरी पिसं बाहेर (१०) काळा (११) वर हिरवा खाली जांभळा.

म्हणजे अकरा. शेवटच्या दिवशी गाईडने वही बघितली, हसला आणि म्हणाला मॅडम, हे सहाच आहेत. आईचा चेहरा उतरला हो. तेव्हापासून घरात वाद चालू आहे. अकरा वेगळे दिसणारे पक्षी सहा जातींचे कसे? आणि जाती ठरवतात तरी कशावरून, रंगावरून नाही तर? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो खाली दिलेत, सात नंबरचा जरा हललाय.

रानभूल

फोटो पाहिले. गाईड बरोबर आहे पण काकूंची नजर जबरदस्त आहे, मला पहिल्या ट्रिपला एवढंही कळलं नव्हतं.

१ आणि २ हे नवरा-बायको. पर्पल-थ्रोटेड माउंटन-जेम. नराचा गळा जांभळा, मादीचं पोट विटकरी, आणि दोघांत मिळतीजुळती खूण म्हणजे डोळ्यामागची पांढरी रेघ, तुमच्या पहिल्या फोटोतही ती आहे बघा झूम करून. इथे जवळपास प्रत्येक जण फसतो कारण मादी जास्त उठून दिसते आणि लोकांना वाटतं उठून दिसतो तो नर.

३ म्हणजे व्हायोलेट सेबरविंग, त्यात काही वाद नाही. नराच्या पंखातल्या बाहेरच्या पिसांचे दांडे जाड आणि वाकलेले असतात, तलवारीसारखे, म्हणून ते नाव.

४, ५, ६ तिन्ही एकच! ग्रीन-क्राउन्ड ब्रिलियंट. ६ नर, ४ मादी, ५ पिल्लू (म्हणजे उडायला लागलेलं, पण अजून बाळपणाची तांबूस हनुवटी गेलेली नाही). ७ आणि ८ व्हाइट-नेक्ड जॅकोबिन. ९ लाँग-बिल्ड हर्मिट. आणि १०-११ ची तर गंमतच आहे, ते एकच आहेत म्हणजे एकाच जातीचेच नव्हे तर दोन्ही नरच, कदाचित तोच एक पक्षी. क्राउन्ड वुडनिंफ. सावलीत बसला की काळा कोळसा, उन्हाकडे वळला की हिरवा-जांभळा.

आप्पा ठाणे

एवढं लांब जायची काय गरज? आमच्या माणगावच्या घरी अंगणात जास्वंदीवर रोज येतो हमिंगबर्ड. हवेत एका जागी थांबून रस पितो. मी स्वतः बघितलाय, व्हिडिओ पण आहे.

रानभूल

@आप्पा, रागावू नका पण भारतात हमिंगबर्ड नाहीत, एकही नाही. साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांत, अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत, त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधात आणि अँडीजच्या उतारांवर. तुमचा जास्वंदीवरचा म्हणजे शिंजीर असणार. नर चकचकीत जांभळा-काळा आणि मादी पिवळसर असेल तर नक्कीच. आणि संध्याकाळी दिसला असेल, डोक्यावर दोन मिशा असतील, तर तो पक्षीच नाही, हॉकमॉथ आहे, पतंग. तोही हवेत थांबून लांब सोंडेने रस पितो, भलेभले फसतात.

आप्पा ठाणे

व्हिडिओ परत बघितला. मिशा आहेत. 😐

चहाटळ

आप्पा 😂😂 पण खिलाडूपणे मान्य केलंत, एक कटिंग माझ्याकडून.

अवांतर नाही, विषयाचंच: शिंजीर आणि हमिंगबर्ड दिसायला एवढे सारखे मग नात्यातले ना?

रानभूल

नाही ना, तीच तर मजा. शिंजीर हा चिमणी-कावळ्यांच्या मोठ्या कुळातला. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या! हो, त्याच, ज्या देवळाच्या आणि जुन्या पुलांच्या खाली घरटी करतात. त्यांच्या पलीकडे थोडे लांबचे म्हणजे रातवे. पाकोळीला नीट चालता येत नाही, पाय नावापुरते, हमिंगबर्डचंही तेच, फांदीवर बसतो पण दोन पावलं सरकायचं तरी पंख मारतो. दोघांचं दंडाचं हाड आखूड आणि हाताचा पुढचा भाग लांब. शिंजिराशी साम्य आहे ते धंद्यामुळे, फुलातला रस काढायचा म्हटलं की चोच लांब हवीच, मग कुळ कुठलंही असो.

आणखी एक सांगतो. २००४ साली जर्मनीत सापडलेल्या, सुमारे तीन कोटी वर्षं जुन्या जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि ते आजच्या हमिंगबर्डसारखेच होते. म्हणजे एकेकाळी हे लोक युरोपात पण होते. त्यामुळे आप्पा, तुम्ही फक्त काही कोटी वर्षं उशिरा अंगणात बसलात.

सदाफुली

थँक्यू रानभूल! आईला वाचून दाखवलं. १०-११ ला ती लगेच तयार झाली, म्हणाली म्हणजे धूपछाव पैठणी. बाकीच्यांना अजून तयार नाही. तिचं म्हणणं मादी एवढी वेगळी असेल तर वेगळा नंबर का नको, वहीत एवढी जागा आहे.

जांभळ्या गळ्याचं मात्र मी स्वतः पाहिलंय. माझ्यापासून हातभर अंतरावर फांदीवर बसला होता, गळा एकदम काळपट, जीभ दोऱ्यासारखी बाहेर काढून आत घेत होता. मान जरा इकडे वळवली आणि गळा पेटल्यासारखा झाला, परत वळवली की विझला. फोटोत मात्र दहापैकी नऊ वेळा काळाच.

प्रयोगवही

पैठणीचं उदाहरण छान आहे पण एक दुरुस्ती (मी फिजिक्स शिकवतो, सवय जात नाही). धूपछाव कापडात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, म्हणजे रंग खरोखर दोन असतात. पिसात तो जांभळा रंग नसतोच. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या चकत्या असतात, पापडाची चळत रचावी तशा, आणि प्रत्येक चकतीच्या आत हवेचे कप्पे. त्या थरांवरून परत येणाऱ्या प्रकाशात ठराविक लांबीच्या लहरी एकमेकींना बळ देतात, बाकीच्या मारल्या जातात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ती जात. हेच पीस कुटून पावडर केली तर काळपट-तपकिरी भुकटी मिळेल.

गळ्याची पिसं बहुतेक सपाट आरशासारखी, त्यामुळे एकाच दिशेला झळकतात. पाठीची पिसं वाकलेली, ती सगळीकडे थोडी थोडी झळकतात, म्हणून पाठीचा हिरवा बऱ्याच बाजूंनी दिसतो पण गळा फक्त ज्याच्याकडे वळलाय त्यालाच. तो गळा तुमच्यासाठी नव्हताच, समोरच्या मादीसाठी किंवा भांडायला आलेल्या दुसऱ्या नरासाठी होता.

रानभूल

वा, हे भारी सांगितलंत. आणि यावरूनच मूळ प्रश्नाकडे येतो, वर्गीकरण कशावरून.

आधी ढोबळ दोनच घरं मानायचे. एक हर्मिट, म्हणजे काकूंचा ९ नंबर, मातकट, वाकड्या चोचीचे, सावलीत राहणारे, आपल्याकडे बागेत लावतात त्या हेलिकोनियाच्या फुलांवर ठरलेली फेरी मारणारे, पोस्टमनसारखे. आणि दुसरं घर म्हणजे उरलेले सगळे चमकणारे. मग २०१४ साली मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २८४ जातींचा डीएनए तपासून कुळवृक्ष मांडला त्यात नऊ शाखा निघाल्या: टोपाझ, हर्मिट, मँगो, ब्रिलियंट, कोकेट, जायंट, माउंटन-जेम, बी आणि एमराल्ड. जॅकोबिन टोपाझ शाखेत, सेबरविंग आणि वुडनिंफ एमराल्डमध्ये, म्हणजे काकूंच्या सहा जातींत नऊपैकी पाच शाखा आल्या. व्हरांड्यात बसून! मी तर म्हणेन अकरापेक्षा हा आकडा मिरवण्यासारखा आहे.

एमराल्ड शाखेत फार पसारा होता. अमाझिलिया नावाच्या एका वंशात (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) वर्षानुवर्षं जो हिरवा हमिंगबर्ड कुठे बसत नाही तो टाकत गेले, स्वयंपाकघरात एक खण असतो ना ज्यात रबरबँड, मेणबत्ती, जुनी किल्ली सगळं जातं, तसा. डीएनएने तो खण उपसला आणि बऱ्याच जातींची पत्रिका बदलली, जुनं फील्ड गाईड घेऊन गेलात तर शास्त्रीय नावं जुळत नाहीत. उलटंही झालं. स्नोकॅप नावाचा पिटुकला, दारूसारख्या लाल-जांभळ्या अंगाचा आणि डोक्यावर पांढरी टोपी, आणि कॉपरी-हेडेड एमराल्ड, हिरवा आणि तांब्याच्या डोक्याचा, जो फक्त कोस्टा रिकात सापडतो, हे दोघं आता एकाच वंशात, मायक्रोकेरात. नर शेजारी ठेवले तर कोणी म्हणणार नाही.

घाटवाट

मी पण कोस्टा रिका केलंय, मला मात्र शास्त्रज्ञांचं हे सगळं एवढं पटत नाही. उदाहरण देतो. व्होल्कॅनो हमिंगबर्ड, अडीच ग्रॅमचा जीव, उंचावरच असतो. पोआस आणि बार्वा ज्वालामुखींवर त्याच्या नराचा गळा गुलाबी-लाल, इराझूवर जांभळट, तालमांकाच्या रांगेत राखाडी-जांभळा. दर डोंगराला वेगळा गळा, तरी म्हणे जात एकच, फक्त उपजाती. आणि तुमचा तो माउंटन-जेम, उत्तरेकडे गळा जांभळा, तालमांकात पांढरा, माद्या जवळजवळ सारख्याच, तिथे मात्र जाती वेगळ्या! हा कुठला न्याय? सातबाऱ्यावर एकाला वेगळा उतारा आणि दुसऱ्याला सामाईक.

रानभूल

@घाटवाट, मुद्दा बरोबर पकडलात, आणि माउंटन-जेमबद्दल पक्षीतज्ज्ञांतही एकमत राहिलेलं नाही, कोणी दोन जाती धरल्या, कोणी तीन. गळ्याचा रंग लवकर बदलणारी गोष्ट आहे कारण माद्या तोच बघून निवडतात, चकत्यांची जाडी जराशी बदलली की रंग बदलला. म्हणून रंगासोबत डीएनए, आवाज, एकमेकांत वीण होते का, असं सगळं बघतात, तरी शेवटी रेघ माणूसच मारतो. २०१६ मध्ये ग्रीन व्हायोलेटइअरचे दोन केले, मेक्सिकन आणि लेसर. जायंट हमिंगबर्ड, वीसेक ग्रॅमचा, सगळ्यांत मोठा, त्याचे २०२४ मध्ये दोन निघाले आणि ते दोघं दिसायला इतके सारखे की हातात घेऊनही चटकन कळत नाही.

आणि फसगतही होते. १९०९ साली बोगोटात विकत घेतलेलं एकच गडद निळं कातडं, त्यावरून १९९३ मध्ये नवीन जात जाहीर झाली, बोगोटा सनएंजल. जिवंत पक्षी तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता. पुढे डीएनएतून निघालं की तो दोन जातींचा संकर होता. त्या काळी बायकांच्या हॅटवर लावायला अशी कातडी पेट्या भरभरून युरोपला जायची, कुठल्या डोंगरावरून आणलं हे विचारणार कोणाला.

सदाफुली

बापरे. हे हॅटचं वाचून आई गप्प झाली एकदम.

एक शेवटचं, ७ नंबरचा हललेला फोटो निळ्या डोक्याचा, तो जॅकोबिनचा नरच ना? आईला खाली नीट लिहायचंय.

रानभूल

हं… इथे पंचाईत आहे. जॅकोबिनच्या साधारण पाचातली एक प्रौढ मादी हुबेहूब नरासारखी दिसते. पनामात अभ्यास झाला, २०२१ ला प्रसिद्ध झाला. पिल्लं सगळीच नरासारखी निघतात, मग बहुतेक माद्या हिरव्या होतात आणि काही तशाच राहतात. फीडरवर नराच्या रंगाच्या माद्यांना इतर जॅकोबिन कमी टोचतात, कमी पिटाळतात, निवांत पिऊन जातात. त्यामुळे नुसत्या फोटोवरून, त्यात हललेल्या, मी पैज लावणार नाही.

सदाफुली

आईने लिहिलंय, "७. नर (असावा). किंवा हुशार बाई." आणि अकरा आकडा खोडायला साफ नकार, बाजूला पेन्सिलने सहा लिहिलंय फक्त.

चहाटळ

काकूंना माझा नमस्कार सांगा. आप्पा, व्हिडिओ टाका की आता, मिशांसकट.