बगराममधील प्लायवूडच्या बराकी: तात्पुरत्या निवाऱ्याची मुदत किती असावी?

चर्चेचा मुद्दा
अफगाणिस्तानातील बगराम तळावर अमेरिकी सैनिक सुरुवातीला तंबूंत राहिले आणि पुढे त्यांच्यासाठी ‘बी-हट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाकडी बराकी बांधल्या गेल्या. सांगाडा लाकडाचा, भिंती प्लायवूडच्या आणि आतल्या आडभिंतीही प्लायवूडच्याच. पहिल्या हिवाळ्यांपुरती ही सोय योग्य होती, असे मी मानतो. पण तळ रिकामा झाला तो जुलै २०२१ मध्ये. इतक्या दीर्घ तैनातीत ‘तात्पुरते’ या सबबीखाली आग आणि रॉकेटमारा यांपासूनच्या संरक्षणाचे निकष सैल ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद १
असहमत. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात, १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात क्रिमियातील ब्रिटिश सैन्याचे तंबू उडाले आणि गरम कपडे घेऊन आलेले ‘प्रिन्स’ हे जहाज तिथल्या बालाक्लाव्हा बंदराजवळ बुडाले. त्यानंतर सैनिक ज्या हालांत राहिले, ते पाहता लाकडी छप्पर ही चैन नव्हे. त्याऐवजी कंटेनरच्या खोल्या आणायच्या, तर त्यांना अवजड ट्रक आणि क्रेन लागते, तर लाकडी बराक सुतारकाम येणारी तुकडी स्वतः उभारते आणि मोडलेली फळी त्याच दिवशी बदलते. रॉकेटचे तुकडे अडवणे हे बाहेरच्या वाळूच्या पोत्यांचे आणि काँक्रीटच्या भिंतींचे काम आहे.

प्रतिसाद २
क्रिमियाचा दाखला उलट बाजूनेही वाचावा लागेल. तिथे बराकींचे सुटे भाग बंदरात पोहोचले, पण ते सैन्याची छावणी असलेल्या पठारावर चढवायला पुरेशी जनावरे नव्हती आणि नीट रस्ताही नव्हता. रेल्वे आली ती १८५५ मध्ये, कडक हिवाळा सरत आल्यावर. अफगाणिस्तानालाही समुद्रकिनारा नाही. नोव्हेंबर २०११ ते जुलै २०१२ पाकिस्तानातून जाणारा नाटोचा रसदमार्ग बंद होता. शिवाय भिंतीबाहेरची पोती आतली आग विझवत नाहीत. हीटर, वाढीव वायरी आणि कोरडे प्लायवूड एकत्र आले, की शेजारच्या बराकीलाही धोका असतो.

प्रतिसाद १
आगीचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय बराकी पाडणे हा नाही. दोन रांगांत मोकळे अंतर, प्रत्येक खोलीत धूरसूचक, बाहेर पडायला दुसरा दरवाजा आणि विजेच्या भाराची नियमित तपासणी, एवढे तळप्रमुखाच्या अधिकारात बसते. नुसती मुदत ठरवून दिली आणि पर्यायी निवारा पोहोचलाच नाही, तर सैनिक पुन्हा तंबूत जाईल.

मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर
म्हणूनच मुदत बराक बांधतानाच ठरावी आणि पर्यायाची मागणी त्याच दिवशी रसद विभागाकडे नोंदवली जावी. तुम्ही सांगितलेले उपाय पहिल्या दिवसापासून सक्तीचे असावेत; ते तळप्रमुखाच्या मर्जीवर सोडण्यास माझा विरोध आहे.