डब्ल्यूएचएम की डब्ल्यूएचएमसीएस: नव्या रीसेलरने आधी काय शिकावं?

म्हापसेकर: मोठ्या कंपनीकडून सर्व्हरची जागा घेऊन वेबसाइटचं होस्टिंग आपल्या ग्राहकांना विकणारा तो रीसेलर. अशा एका नव्या रीसेलरने इथे विचारलं, सुरुवात कशाने करू? त्याला काल उत्तर मिळालं, "डब्ल्यूएचएमसीएस घ्या, सगळं आपोआप होतं, डब्ल्यूएचएममध्ये डोकं घालायची गरज नाही." हे वाचून गप्प बसवेना. डब्ल्यूएचएम म्हणजे सर्व्हरवरची ग्राहकांची खाती सांभाळायचं पॅनेल, डब्ल्यूएचएमसीएस म्हणजे बिलं आणि वसुलीचं वेगळं सॉफ्टवेअर. खातं उघडणं, पॅकेजची डिस्क आणि बँडविड्थ ठरवणं, डीएनएस झोन (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदी), खातं सस्पेंड म्हणजे तात्पुरतं बंद करणं, ही कामं डब्ल्यूएचएमची. डब्ल्यूएचएमसीएस इनव्हॉइस काढतं, तिकिटं सांभाळतं आणि पैसे जमा झाले की एपीआयमधून (दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा) डब्ल्यूएचएमला खातं उघडायला सांगतं. त्या जोडणीची किल्ली, म्हणजे टोकन, रद्द झालेला असेल किंवा पॅकेजचं नाव जुळत नसेल, तर पैसे जमा होतात पण खातं उघडत नाही. ती एरर वाचायला डब्ल्यूएचएमच कळावं लागतं. थोड्या ग्राहकांची बिलं एक्सेलमध्येही निघतात, मी कितीतरी दिवस तशीच काढली.

फोंडेकर: ते उत्तर माझं. रीसेलरला रूट, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा, नसतो हे तुम्ही गाळलंत. मायएसक्यूएल डेटाबेस रीस्टार्ट करायचं, सर्व्हरच्या बॅकअपचं वेळापत्रक लावायचं, तर वरच्या कंपनीकडेच तिकीट टाकावं लागतं. मग शिकून करणार काय? धंदा बुडतो तो वसुलीत. आणि जीएसटीचं काय? आपण गोव्यातले, म्हणून गोव्यातल्या ग्राहकाला केंद्राचे ९ अधिक राज्याचे ९ टक्के, महाराष्ट्रातल्या सावंतवाडीच्या ग्राहकाला आयजीएसटी १८ टक्के. डब्ल्यूएचएमसीएसमध्ये राज्यवार टॅक्स रूल दोन पातळ्यांवर एकदा भरले की झालं. एक्सेलमध्ये हे मार्चअखेर करून दाखवा.

पेडणेकर: मी ग्राहकाच्या बाजूचा. मोरजीला आमचं होमस्टे आहे. ऐन डिसेंबरात बिल थकलं म्हणून साइट आपोआप सस्पेंड झाली, आणि मेलचं लॉगिनही त्याबरोबर बंद. बुकिंगच्या चौकशा मेलवर येतात, त्या उघडताच येईनात. होस्टिंगवाला ओळखीचा, माझा नंबर त्याच्याकडे. एक फोन करायला काय झालं होतं? सॉफ्टवेअर घेतलं की माणुसकी सुटते का?

फोंडेकर: आणि आम्ही फोन करतो तेव्हा? पावसाळ्यात शॅकवाले, होमस्टेवाले कुणी उचलत नाही. "चवथ झाली की देतो", मग "सीझन लागू दे". २०१९ पासून सीपॅनेलचा (डब्ल्यूएचएम ज्याच्याबरोबर येतं ते सॉफ्टवेअर) परवाना खात्यांच्या संख्येवर चालतो. तुमचं थकलेलं खातं चालू ठेवायचा भार कुणी उचलायचा?

पेडणेकर: मी पैसे बुडवले नव्हते, उशीर झाला होता. दोन्ही एकच धरता, ह्याचाच राग येतो.

डिचोलीकर: भांडताय कशाला? डब्ल्यूएचएमसीएसमध्ये ग्राहकाच्या सर्व्हिसवर ओव्हरराइड ऑटो-सस्पेंड असतं, तिथे तारीख घातली की त्या दिवसापर्यंत खातं चालू राहतं. आमच्याकडे एका देवस्थानाची साइट आहे, बिल कमिटीच्या बैठकीत मंजूर झाल्याशिवाय पैसे येत नाहीत. जत्रेच्या आधी तारीख पुढे टाकते.

फोंडेकर: ती सोय ठाऊक आहे. पण एकाला दिली की गावातला प्रत्येक जण मागतो.

पेडणेकर: मागू दे. द्यायची की नाही ते तुम्ही माणूस बघून ठरवा. तेवढ्यासाठीच तर लोक परक्या कंपनीला सोडून गावातल्या माणसाकडे येतात.

म्हापसेकर: जीएसटीचं मान्य, एक्सेलमध्ये ते जिवावर येतं. रूटचंही मान्य. पण रूट नसलेल्यालाही कुठल्या खात्याने डिस्कचा कोटा खाल्ला, एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर जावी ती नोंद) कुठे चुकला, हे डब्ल्यूएचएममध्येच बघावं लागतं. ते न बघता तिकीट टाकलं की वरची कंपनी तुम्हालाच उलट विचारते, आणि ग्राहक तोवर ताटकळतो. शिवाय तुमची वसुली चालते क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामावर. तो बंद पडला तर ना इनव्हॉइस जातं, ना आठवण, ना सस्पेंड होतं.

फोंडेकर: क्रॉन चालतो की नाही ते रोज बघतो. नव्या माणसाने डब्ल्यूएचएम शिकू नये असं मी म्हणत नाही, "गरज नाही" हे शब्द मागे घेतो. पण महिन्याला पैसे येत नसतील तर शिकायला तो टिकेल तरी का?

पेडणेकर: आणि ग्राहक टिकेल का, हे कोण विचारणार?